ढगालाही बूड असतं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं आभाळ रंगवण्याची आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत कॉन्स्टेबल किंवा टर्नर या इंग्लिश चित्रकारांचं, नाहीतर फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराचं नाव आहे. म्हणून हे पानच रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, आभाळांना दिलं आहे.

प्रश्न (सांगली): माझे ढग कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे दिसतात. कॉन्स्टेबलचे ढग मात्र खरोखर वर तरंगत असतात. फरक नेमका कुठे पडतो?

बुडात. ढग रंगवताना आपण त्याचा फुगीर माथा बघतो आणि खालची बाजू विसरतो. क्युम्युलस, म्हणजे रचलेल्या कापसासारखा राशिमेघ, खालून बराचसा सपाट असतो. वर चढणारी हवा एका ठरावीक उंचीवर इतकी थंड होते की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. ती उंची आसपासच्या सगळ्या ढगांना साधारण सारखीच असते. म्हणून सगळ्या ढगांची बुडं एकाच अदृश्य छताला टेकल्यासारखी दिसली पाहिजेत. चित्रात एकाचं बूड वर, दुसऱ्याचं खाली, तिसऱ्याचं तिरकं असं झालं, की डोळा लगेच म्हणतो, हे बोळे आहेत.

हे छत दूर जाताना क्षितिजाकडे उतरतं. समजा ढगांची बुडं एक किलोमीटर उंचीवर आहेत. जो ढग तुम्हाला 45 अंशांवर दिसतो तो जमिनीवरून मोजला तर एक किलोमीटर लांब आहे, आणि जो क्षितिजापासून जेमतेम साडेपाच-सहा अंशांवर दिसतो तो दहा किलोमीटर लांब. हात ताठ करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे क्षितिजावरच्या पहिल्या अर्ध्या मुठीत दहा किलोमीटरच्या पलीकडचं सगळं आभाळ कोंबलेलं असतं! तिथले ढग लहान, चपटे, एकमेकांना खेटून, आणि त्यांचं बूड म्हणजे नुसती एक रेघ. डोक्यावरच्या ढगाचं बूड मात्र रुंद दिसतं, माथा जवळजवळ दिसतच नाही. वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे ढग काढणं ही नवशिक्यांची सर्वांत सर्रास चूक आहे.

दुसरी गोष्ट पांढऱ्याची. ढग पांढरा असतो असं मानून सगळीकडे पांढरा लावला, की उजेडासाठी हातात काही उरत नाही. डोळे अर्धे मिटून पाहा: ढगाचा खरोखर पांढरा भाग त्याच्या दहाव्या हिस्स्याएवढाही नसतो. बाकी सगळा पिवळसर, राखाडी, जांभळट. कडाही सगळीकडे सारख्या नकोत. उन्हाकडची कड जरा धारदार, सावलीकडची हवेत विरलेली. चारही बाजूंनी सारखीच मऊ कड हा पंख्यासारख्या ब्रशचा प्रसाद असतो. तो ब्रश महिनाभर कपाटात ठेवा.

प्रश्न (पुणे, कलाशिक्षिका): कॉन्स्टेबलसारखे कागदावर तेलरंगातले आभाळाचे अभ्यास मुलांकडून करून घ्यायचे आहेत. साहित्य, क्रम आणि वेळ सांगाल का? आपल्याकडच्या आभाळाला ही पद्धत चालेल का?

चालेल, पण वेळ बदलावी लागेल. त्याकडे येतोच.

आधी त्याने काय केलं ते. जॉन कॉन्स्टेबलने 1821 आणि 1822 मध्ये लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेडच्या टेकाडावर आभाळाचे अभ्यास केले. 1821 च्या अभ्यासांत बहुधा खाली झाडांचे शेंडे किंवा जमिनीची पट्टी आहे, 1822 च्या अनेक कागदांवर फक्त आभाळ. ऑक्टोबर 1822 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने पन्नासेक अभ्यास झाल्याचं सांगितलं आहे. कागदाच्या मागे तो तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला आणि वारा कसा हे लिहायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या एका अभ्यासामागे 5 सप्टेंबर 1822, दुपारचे बारा, तोंड आग्नेयेला, वारा जोराचा, ढग फार वेगात, अशी नोंद आहे. तो गिरणीवाल्याचा मुलगा. पवनचक्की चालवायची तर वारा आणि ढग वाचता यायलाच हवेत, आणि ते त्याने तरुणपणी केलं होतं. ल्यूक हॉवर्डने 1802 मध्ये ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस, निंबस ही नावं दिली. त्या वर्गीकरणावर आधारलेलं थॉमस फॉर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक कॉन्स्टेबलकडे होतं आणि त्याच्या समासात त्याने टिपणं केली होती. त्याची आभाळं भावनेच्या भरात उतरली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता साहित्य. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) जलरंगाचा कागद, साधारण 9 बाय 12 इंच. दोन्ही बाजूंना पाणी घालून पातळ केलेल्या अॅक्रिलिक जेसोचा (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्या, नाहीतर कागद वाकतो. मग पुढच्या बाजूला आणखी एक. दोन हातांमध्ये उन्हाळ्यात तासभर पुरतो, पावसाळ्यात तीन-चार तास धरा. जेसो कमी पडला तर तेल कागदात शिरतं, रंग मेल्यासारखा कोरडा दिसतो आणि काही वर्षांत कागद पिवळा पडून मोडतो. वरून बर्न्ट सिएना आणि पांढरा मिसळून अॅक्रिलिकचाच एक पातळ हात, कमी दुधाच्या चहाच्या रंगाचा. कॉन्स्टेबलच्या काही अभ्यासांतही अशी तांबूस जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा थर, आहे. निळ्याच्या फटींतून ती डोकावते तेव्हा आभाळ उबदार वाटतं, शिवाय पांढरा किती उजळ झाला हे पांढऱ्या कागदापेक्षा या रंगावर चटकन कळतं.

रंग पाचच: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, कोबाल्ट (हे दोन्ही निळे), लाइट रेड (विटकरी तांबडा), यलो ऑकर (मातकट पिवळा). पांढरा सुपारीएवढा, बाकीचे हरभऱ्याएवढे. ब्रश हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे), चपटे, 10 आणि 6 नंबरचे, आणि एक 4 नंबरचा फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश. टर्पेंटाइन फक्त पहिल्या पातळ रेघांना.

पहिली पाच मिनिटं ब्रश उचलायचा नाही. मुलांना कागदामागे तारीख, वेळ, दिशा, वारा लिहायला लावा. हा नुसता उपचार नाही, लिहिताना सूर्य कुठे आहे हे बघावंच लागतं. मग एक ढग निवडायचा, त्याचा आकार आणि बुडाची रेघ पातळ रंगात मांडायची, आणि तिथून पुढे ढग सरकला तरी आकार बदलायचा नाही. आकार मनात पक्का, उजेड मात्र समोरून घ्यायचा. जो विद्यार्थी ढगाच्या मागे धावतो त्याच्या कागदावर तीन ढगांचा काला होतो.

पुढची दहा मिनिटं निळा, तोही ढगाची जागा सोडून. ओल्या निळ्यावर पांढरा लावला की ढग दुधाळ निळा होतो आणि मग कितीही पांढरा ओता, उजळत नाही. त्यानंतर ढगाची सावली: अल्ट्रामरीन दोन भाग, लाइट रेड एक भाग, आणि हवा तेवढा पांढरा. जांभळट वाटली तर ऑकरचा कणभर. ही सावली मुलं नेहमी फार काळी करतात. पावसाचा ढग सोडला तर ढगाची सावली खालच्या झाडांपेक्षा कितीतरी उजळ असते. शेजारी झाडाचा एक ठिपका लावून बघायला सांगा. उजेड सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जाड: पांढऱ्यात काडीपेटीच्या गुलाएवढा ऑकर, ब्रश न घासता, एकदा ठेवून उचलायचा. एकूण चाळीस-पन्नास मिनिटं. पिएर-आंरी द व्हॅलेन्सिएन या फ्रेंच चित्रकाराने 1800 च्या सुमारास पॅरिसला छापलेल्या ग्रंथात निसर्गातल्या अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास अशी मर्यादा घातली होती. उजेड त्यापेक्षा जास्त थांबत नाही.

आता आपल्या आभाळाचं. लंडन साडेएक्कावन्न अंश अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. सप्टेंबरच्या अखेरीस भर दुपारी लंडनचा सूर्य क्षितिजापासून साडेअडतीस अंशांवर असतो, पुण्याचा साडेएकाहत्तर अंशांवर. म्हणजे कॉन्स्टेबलला बारा वाजताही ढगावर बाजूने ऊन मिळायचं आणि ढगाला उजेडाची बाजू, सावलीची बाजू असं शरीर यायचं. पुण्यात बारा वाजता ऊन ढगाच्या टाळूवर पडतं, आपल्याला दिसतं ते करडं बूड आणि वर चकाकणारी किनार. तेव्हा वर्ग सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. महिने जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलैत आभाळ पूर्ण भरलेलं असतं, तेव्हा आकार नाही, नुसते टोन, म्हणजे उजळ-गडदाच्या पायऱ्या, रंगवायला मिळतात. ते शिक्षणही वाईट नाही, पण पहिल्या दिवसाचं नाही.

प्रश्न (नाशिक): आभाळासाठी नेमका निळा कोणता? प्रशियन ब्लू वापरला की सगळं हिरवं होतं.

दोष निम्मा रंगाचा आणि निम्मा मापाचा. प्रशियन ब्लू अतिशय तिखट रंग आहे. चमचाभर पांढऱ्याला मोहरीच्या दाण्याएवढा पुरे होतो. त्याचा कल मुळातच हिरव्याकडे आहे, त्यात क्षितिजाजवळ यलो ऑकर घातला की हिरवं होणारच. मध्ये लाइट रेडची अगदी पुसट पट्टी टाका, मग ऑकरकडे जा. आणि तो पांढऱ्यात फार पातळ केला की उजेडाने फिकट होतो, हा त्याचा जुना दुर्गुण. त्या जागी आज थॅलो ब्लू मिळतो, तेवढाच तिखट पण टिकाऊ.

कॉन्स्टेबलची नक्कल करताना सेरुलियन ब्लू वापरू नका. चित्रकारांचा रंग म्हणून तो इंग्लंडमध्ये 1860 च्या आसपास विकायला आला, तोवर कॉन्स्टेबल जाऊन वीसेक वर्षं झाली होती. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये निघाला, कोबाल्ट ब्लू 1802 मध्ये थेनार या रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये केला. अल्ट्रामरीन त्या वेळी लाजवर्द दगडापासून काढलेला आणि महाग. कारखान्यातला स्वस्त अल्ट्रामरीन 1820 च्या दशकाच्या शेवटी आला. सोय म्हणून वर अल्ट्रामरीन, मध्यावर कोबाल्ट, क्षितिजाशी कोबाल्टमध्ये बराच पांढरा आणि ऑकर किंवा लाइट रेडचा वास, एवढं पुरतं. नुसता पांढरा वाढवत क्षितिज उजळलं तर आभाळ प्लास्टिकच्या बादलीसारखं दिसतं.

पांढऱ्याविषयीही दोन शब्द. त्या काळी शिश्याचा पांढरा होता, विषारी पण लवचीक. आजच्या झिंक व्हाइटचा जाड थर कालांतराने ठिसूळ होतो आणि तडकतो. ढगाचा जाड उजेड टायटॅनियममध्येच द्या. काही ट्यूबांवर मोठ्या अक्षरांत टायटॅनियम आणि बारीक अक्षरांत झिंक असतं, तेही वाचा.

प्रश्न (रत्नागिरी): टर्नरसारखं जलरंगात आभाळ करायला जातो. पावसाळ्यात वॉशमध्ये (पातळ रंगाच्या पसरट हातात) फुलकोबीसारखे डाग उमटतात. कागद खराब आहे का?

बहुधा हात घाई करतो. डाग उमटतो तो अर्धवट वाळलेल्या वॉशला जास्त ओला ब्रश लागल्यावर. नवं पाणी कमी ओल्या भागाकडे पसरतं, वाटेतला रंग ढकलत नेतं आणि थांबतं तिथे दातेरी कड टाकतं. कागद तिरका धरून चमक पाहत जा. आरशासारखी चमक असेल तर रंग धुक्यासारखा पसरेल. चमक मंद झाली की मऊ कडांचा ढग बसेल, पण तेव्हा ब्रशमधला रंग कागदापेक्षा घट्ट हवा. चमक गेली पण हाताची पालथी बाजू लावल्यावर कागद गार लागतो, ती वेळ धोक्याची: लांब उभे राहा. कोकणातल्या जुलैत हा मधला काळ कोरड्या हवेच्या मानाने दुप्पट-तिप्पट लांबतो, म्हणून पुस्तकात दिलेली मिनिटं तुमच्या कामाची नाहीत.

कागदही तपासा. टर्नर अनेकदा व्हॉटमनचा कागद वापरायचा. त्याला सरसाची कडक खळ असे, त्यामुळे रंग वरवर राहायचा आणि स्पंजने उचलता यायचा, खरवडताही यायचा. त्याचे कितीतरी उजेड पांढऱ्या रंगाने लावलेले नाहीत, खालचा कागद उघडा करून मिळवलेले आहेत. मऊ हातकागदावर हे करायला गेलात तर लव निघेल. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाची खळ ठिकठिकाणी मरते आणि तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आणि उचलायचंच असेल तर अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट घ्या, प्रशियन आणि थॅलो कागदाला धरून बसतात.

प्रश्न (ठाणे): टर्नरचे लाल सूर्यास्त ज्वालामुखीमुळे आहेत, हे खरं का?

काही अंशी शक्य आहे. इंडोनेशियातला तांबोरा एप्रिल 1815 मध्ये फुटला, त्याच्या गंधकाच्या वायूंपासून झालेले कण वरच्या वातावरणात पसरले आणि 1816 चा युरोपातला उन्हाळा थंडीत गेला. अशा कणांमुळे सूर्यास्त लालभडक होतात. टर्नरची आभाळांची एक जलरंग वही टेट संग्रहालयात आहे आणि ती याच सुमाराची, 1816 ते 1818 दरम्यानची मानतात. जुन्या सूर्यास्तचित्रांतलं तांबड्या-हिरव्याचं प्रमाण मोजून धुळीचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत. आमचं मत सावध आहे. टर्नर कार्माइनसारखे उडून जाणारे लाल बेधडक वापरायचा, त्यामुळे आज दिसणारा लाल हा त्याने लावलेला लाल नव्हे. आणि तो ज्वालामुखी नसतानाही लाल सूर्यास्त रंगवत होता. निखळ पुरावा हवा तर विल्यम अॅस्क्रॉफ्टकडे जा: 1883 च्या क्राकाटोआनंतर त्याने लंडनच्या चेल्सीतून पेस्टलमध्ये शेकडो संध्याकाळची आभाळं टिपली.

प्रश्न (न्यू जर्सी): फ्रीडरिखच्या आभाळात ब्रशचा फटकारा दिसतच नाही. तेलरंगात ते कसं साधायचं?

पातळ थरांनी आणि वाट पाहून. कास्पार डाव्हिड फ्रीडरिख आधी रेखाटन पूर्ण करायचा आणि त्यावर पारदर्शक, पातळ थर चढवायचा. बर्लिनमधल्या त्याच्या ‘समुद्राकाठचा साधू’ या 1808 ते 1810 च्या चित्रात आभाळानेच तीन चतुर्थांशांहून जास्त जागा घेतली आहे. तपासणीत कळलं, की समुद्रात आधी जहाजं आखलेली होती. ती त्याने काढून टाकली.

करून पाहायचं तर गुळगुळीत पांढऱ्या जमिनीवर तीन पट्ट्यांत रंग लावा, वरचा निळा, मधला राखाडी, खालचा पिवळसर. सांधे कोरड्या, रुंद, मऊ ब्रशने आडवे हलकेच पुसा. प्रत्येक पुसण्यानंतर ब्रश फडक्याला घासा, नाहीतर खालचा पिवळा वर जाऊन सगळं मळेल. थर बोटाला कोरडा लागेपर्यंत थांबा, निदान चार-पाच दिवस. पहिल्या थरात जवसाच्या तेलाच्या दुप्पट टर्पेंटाइन, पुढच्यांत हळूहळू समसमान. उलट केलंत, म्हणजे तेलकट खाली आणि रुक्ष वर, तर वरचा थर तडकेल. तेल फार झालं तर सुरकुत्या पडतील. वाळताना चित्र भिंतीकडे तोंड करून उभं ठेवा. एवढ्या सपाट आभाळात धुळीचा एक कण माशीएवढा दिसतो.

जाता जाता: 1816 मध्ये जर्मन कवी ग्योथेने फ्रीडरिखला हॉवर्डच्या वर्गवारीप्रमाणे ढग रंगवून मागितले होते. त्याने नकार दिला. मोकळ्या ढगांना कप्प्यांत बसवणं त्याला पटेना. गंमत म्हणजे 1823 पासून ड्रेस्डेनमध्ये त्याच घरात राहणारा नॉर्वेचा योहान क्रिस्तियान दाल ढगांचे झटपट तेलरंगी अभ्यास करत होता. एकाच छपराखाली दोन्ही पद्धती नांदल्या, तेव्हा बरोबर कोण हा वाद तुम्ही घालू नका.

प्रश्न (कोल्हापूर): देवळाचं चित्र करतोय. मी पावसाचं आभाळ काढलं, गिऱ्हाइकाला निळं हवंय. आभाळ तेवढं बदलून देऊ का?

तुमची अडचण जुनी आहे. कॉन्स्टेबलने 1823 मध्ये सॉल्झबरीच्या बिशपसाठी तिथल्या कथीड्रलचं चित्र केलं. बिशपना वरचा काळा ढग खटकला, त्यांना निळं आभाळ हवं होतं. त्याने पुढे उजळ आभाळाची आवृत्ती केली, ती न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. चित्र पुरं होण्याआधीच, 1825 मध्ये, बिशप वारले होते.

‘आभाळ तेवढं’ मात्र बदलता येत नाही. आभाळ हा चित्रातला दिवा आहे. ढगाळ उजेडात देवळाच्या दोन भिंतींच्या टोनमध्ये थोडाच फरक असतो, ऊन आल्यावर तो दुप्पट होतो आणि कळसाची सावली शिखरावर कापल्यासारखी पडते. दगडाची सावलीकडची बाजू वरच्या निळ्यामुळे निळसर होईल, झाडांचा हिरवा पिवळ्याकडे सरकेल, कुंडातलं पाणी आभाळाहून एक पायरी गडद निळं होईल आणि अंगणातले माणसांचे पाय एकाएकी सावल्या टाकू लागतील. म्हणजे निम्मं चित्र पुन्हा करायचं. रंग अजून पुरता वाळलेला नसेल तर पावसाचं आभाळ पॅलेट नाइफने खरवडून काढा, जाड काळ्यावर निळा चढवू नका: कालांतराने तो काळा खालून डोकावतो. आणि कामाला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा, ऊन सकाळचं हवं की संध्याकाळचं. पैसेही तेव्हाच ठरवा.